उतरवलेली शाळा

प्रल्हादचं काम बघून ये, असं सरांनी मला सांगितलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन बायकोशी विनाकारण भांडलो. आमटीत मीठ कमी आहे, एवढंच निमित्त होतं.

सर म्हणजे वास्तुकलेच्या महाविद्यालयात आम्हा दोघांना पाच वर्षं शिकवलेले आमचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर ते एका विश्वस्त संस्थेचं काम बघत. आदिवासी भागात शाळा, वसतिगृहं बांधायला ती संस्था मदत करायची. प्रल्हादने गडचिरोली जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहासाठी तिच्याकडे अर्ज केला होता.

"सगळं जुन्या, उतरवलेल्या मालातून बांधणार म्हणतोय," सर म्हणाले. "विश्वस्तांना धास्ती वाटते. तू चार दिवस जा, त्याने बांधलेलं बघ, आणि भरवसा ठेवावा की नाही ते लिहून दे. तू लिहिशील त्यावरच ठरेल." मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "शिकवल्याचं सार्थक झालं, असं फार थोड्यांकडे बघून वाटतं रे."

महाविद्यालयात पहिला नंबर माझा होता. पाचही वर्षं. प्रल्हाद मधे कुठेतरी असायचा. त्याची रेखाटनं डागाळलेली, अक्षर वाकडं. शेवटच्या वर्षी त्याच्या नकाशांवरची अक्षरं मी काढून दिली होती. तो चंद्रपूरकडचा, बौद्ध. आडनाव ऐकल्यावर पेठांमधल्या घरमालकांच्या खोल्या अचानक भाड्याने गेलेल्या असत, म्हणून पाचही वर्षं तो वसतिगृहातच राहिला. मी त्याच्याशी चांगलं वागलो, असं मला वाटे. आता कळतं, की मी पुढे आणि तो मागे ही रचना मला इतकी स्वाभाविक वाटत होती, की चांगलं वागायला काही मोजावंच लागत नव्हतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. तोवर कोथरूडच्या बाजूला माझ्या चौदा गृहनिर्माण सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एकही बघायला सरांनी कधी कोणाला पाठवलं नव्हतं.

चंद्रपूर

बल्लारशाहला उतरलो तेव्हा सदऱ्याच्या कॉलरवर कोळशाची काळी रेघ बसली होती. प्रल्हाद मेटाडोर घेऊन आला होता. पोट थोडं सुटलेलं, केस विरळ, पण चालणं तेच, घाईचं. त्याने माझी बॅग घेतली आणि मागे रचलेल्या दरवाजांच्या चौकटींवर टाकली.

"लवकर चाल गा माधव. खाणीतला पट्टा घ्यायचा हाय, माणूस वाट पाहून राह्यला."

पुण्यात पाच वर्षं तो आमच्यासारखं बोलायची धडपड करायचा. 'मला, तुला' म्हणताना अडखळायचा. आता माझ्यासमोर त्याची बोली मोकळी चालली होती, आणि अडखळत होतो मी.

खाणीतला पट्टा म्हणजे कोळसा वाहून नेणारा जाड रबरी पट्टा. झिजला की खाणवाले फेकून देतात. प्रल्हाद त्याच्या चकत्या कापून लाकडी खांबांच्या बुडाशी घालायचा, म्हणजे दगडातली ओल वर चढत नाही. पट्ट्यांच्या बिजागऱ्याही करायचा. त्याच्या आवारात गेलो तर तिथे साऱ्या जिल्ह्याने टाकलेल्या वस्तू माणसांसारख्या रांगेत उभ्या होत्या. रेल्वेचे साल लाकडाचे स्लीपर, पाडायला काढलेल्या गोदामाच्या सागवानी तुळया, यंत्रं आली त्या खोक्यांच्या फळ्या, कवेलूंचे, म्हणजे कौलांचे ढीग, वीजकेंद्राची करडी राखड. त्या राखडीत चुना कालवून तो विटा जोडायचा.

"सिमेंट काऊन नाही?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्याच्या बोलीतलं 'काऊन' निघालं म्हणून तो हसला. "कोरपन्याकडे तर कारखाने आहेत. तुझ्या दारात."

"सिमेंटात बसवलेली वीट पुन्हा निघते का?" त्याने एक वीट उचलून माझ्या हातात दिली. चारी कोपरे शाबूत होते. "ही तिसऱ्या भिंतीत चालली. पह्यले कचेरीत होती, मग दवाखान्यात. चुना सोडते तिले. सिमेंट सोडत नाई, तोडाच लागते. इथी आमी काई पाडत नाई, उतरवतो."

उतरवणं. चुलीवरून भांडं उतरवतात, डोक्यावरून भारा उतरवतात. इमारतीबद्दल हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. वहीत लिहून घेतला आणि लगेच त्याचा रागही आला. इतका साधा शब्द, आणि मला कधी सुचला नव्हता.

त्याची रीत अशी की आधी माल बघायचा, मग इमारत आखायची. तुळई साडेअकरा फुटांची मिळाली तर खोली साडेअकराची. कापायचं नाही. खिळा शक्यतो नाही, सगळे जोड बोल्टांचे. आणि बांधतानाच ठरवायचं की ही इमारत एक दिवस उतरवली जाणार आहे, तेव्हा कोणत्या बाजूने सुरुवात करायची. मी आधी खोली आखतो आणि मग लाकडाने, लोखंडाने त्या मापात बसावं असा हुकूम सोडतो. ते बसतं. उरलेलं फेकलं जातं. कुठे जातं, हे चौदा इमारतींत मी एकदाही विचारलं नव्हतं.

हे सगळं ऐकत, मान हलवत मी मागे सरकलो आणि पोत्यांनी झाकलेल्या खड्ड्यात माझा डावा पाय मांडीपर्यंत गेला. चुना भिजत घातलेला होता. प्रल्हादने मला बगलेत धरून बाहेर ओढलं, टाकीखाली नेलं आणि स्वतःच्या हाताने पाय चोळून बादलीमागून बादली पाणी ओतलं. "जळजळ थांबेपर्यंत हालू नोको," म्हणाला. माझी नवी टेरिकॉटची विजार गेली. पुढचे चार दिवस मी त्याच्या पायजम्यात वावरलो. तो मला आखूड होत होता.

रात्रीचं जेवण त्याच्या घरी होतं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. तीही खोक्याच्या लाकडाची. बायको सुनंदा घरी नव्हती. ती मुलचेऱ्याजवळच्या एका गावात शिक्षिका होती, आणि तिची शाळा हेच प्रल्हादने बांधलेलं काम मला बघायचं होतं. शेजारच्या बाईंनी वाढलं. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. "वरून सांबार टाकू का भाऊ?" त्यांनी विचारलं. मला दाक्षिणात्य सांबार आठवलं. वांग्यावर ते कशाला, म्हणून मी नको म्हटलं. प्रल्हादच्या ताटात त्यांनी चिमूटभर कोथिंबीर टाकली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझी भाजी तशीच बिनकोथिंबिरीची राहिली, आणि तेवढंही मला टोचलं.

मुलचेऱ्याच्या वाटेवर

सकाळी मूल, गडचिरोली ही गावं करत निघालो. वैनगंगा ओलांडल्यावर जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. सागाची पानं झडून गेली होती आणि त्या करड्या झाडीत पळस असा पेटला होता की डोळे फिरवले तरी लाल दिसत राही. प्रल्हाद रस्त्यात दर दहा-बारा मैलांवर थांबे. कोणी हात दाखवी, कोणी नुसतं नाव घेई. "प्रल्हादभाऊ, आमच्या समाजमंदिराचं छप्पर कवा?" "भाऊ, जुने खांब निघाले, घेऊन जा." एका म्हातारीने मेटाडोर अडवून त्याला बोरं दिली. माझ्या सोसायट्यांत मी गेलो, तर वॉचमन मला कोणाकडे जायचं ते विचारतो.

मुलचेऱ्याच्या अलीकडे बंगाली निर्वासितांची गावं लागतात. पूर्व बंगालमधून आलेली ही माणसं इथे भात पिकवतात, तळी खणून मासे पाळतात. एका झोपडीवजा खाणावळीत आम्ही मोहरीच्या तेलातला मासा आणि भात खाल्ला. मालकीणबाई हिंदी-मराठी मिसळून बोलत होत्या. खाणावळीचा दरवाजा प्रल्हादने दिलेला होता, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं, आणि माशाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात घातला.

"सगळीकडे तूच आहेस," मी म्हणालो.

"मी कायचा? मी फक्त इकळचं तिकळे नेऊन राह्यलो," तो म्हणाला. त्यात खोटा विनय नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

शाळा

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. नदीकाठचं, पन्नास-साठ घरांचं, बरीचशी गोंड. आम्ही पोचलो तेव्हा शाळा जागेवर नव्हती.

म्हणजे होती, पण तुकड्यातुकड्यांनी. गेल्या पावसाळ्यात नदीचं पाणी वर्गात शिरलं होतं, म्हणून गावाने शाळा वरच्या टेकाडावर न्यायचं ठरवलं होतं. गेले चार दिवस ती उतरवली जात होती. जुन्या जागी फक्त दगड आणि त्यांवरच्या रबरी चकत्या उरल्या होत्या. तिथून टेकाडापर्यंत माणसांची रांग लागली होती. बायांच्या डोक्यावर कवेलू, दोघा-दोघांच्या खांद्यावर खांब, दोन मुलं फळा धरून चाललेली. टेकाडावर चौथरा तयार होता. भाताच्या रोपांची जुडी एका वाफ्यातून दुसऱ्यात जावी, तशी शाळा चालली होती.

मी प्रल्हादला नकाशे मागितले. त्याने मला एका खांबाजवळ नेलं. खांबाच्या टोकाला मासा कोरलेला होता. त्यावर बसणाऱ्या तुळईच्या टोकालाही मासा. दुसऱ्या जोडाला पान, तिसऱ्याला धनुष्य, मग फणी, विंचू, चंद्र.

"मासा माशाले जोडाचा, पान पानाले," तो म्हणाला. "नकाशा वाळवी खाते. आणि इथी वाचता कोणाले येते? हे सगळ्यांले येते."

खुणा त्याच्या सुताराने कोरल्या होत्या. पोचूभाऊ मडावी, साठीचा, काटकुळा माणूस, कानात बाळी. तो मला "राम राम सायेब" म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. त्याला ताप येऊन गेला होता, हे मागाहून कळलं.

मी त्या माशाकडे बघत राहिलो. ट्रेसिंग कागदावर शाईने ओढलेल्या माझ्या सुंदर रेघा, ज्यांच्यावर मला पाच वर्षं पहिला नंबर मिळाला, त्या या गावात कोणाच्याही कामाच्या नव्हत्या. इथे दहा वर्षांची पोर "विंचू इकळे आणा!" म्हणून ओरडत होती आणि माणसं तुळई घेऊन बरोबर तिकडे वळत होती. मला जे वाटलं त्याला कौतुक म्हणावं तर त्यात कडवटपणा फार होता.

सुनंदाबाई कामात होत्या. पदर खोचून, दोर धरून. त्यांनी लांबूनच नमस्कार केला. "बसा भाऊ, जेवण झालं का? इथी सगळा पसारा हाय, समजून घ्या."

संध्याकाळी सगळे नदीवर हातपाय धुवायला गेले तेव्हा मी चौथऱ्याशी एकटा उरलो. दुसऱ्या दिवशी चढवायच्या तुळया तिथे रचून ठेवल्या होत्या. मी एकेक तपासायला लागलो. त्यासाठीच तर आलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या तुळईवर चंद्र होता. ती सगळ्यांत लांब, मधल्या खोलीवर जाणारी. बोल्टाच्या भोकाजवळ अंगठा दाबला तर लाकूड मऊ लागलं. पेन्सिल घातली. ती चार बोटं आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर तपकिरी भुकटी होती. वरून अखंड, आतून उधईने पोखरलेली. कवेलूंतून गळलेलं पाणी तिथेच मुरलं असावं.

पेन्सिल मी रुमालाने पुसली आणि खिशात ठेवली.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. दोन दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास आला. माझा अहवाल मला डोळ्यांपुढे दिसला. 'पद्धत आकर्षक असली तरी जुन्या लाकडातील दोष बाहेरून दिसत नाहीत. मुख्य तुळईतच...' सर तो वाचत आहेत, चष्मा पुसत आहेत. उद्या सकाळी सांगू, मी स्वतःशी म्हणालो. आधी वहीत टिपू. मग रात्री जेवताना सुनंदाबाईंनी मला तांदळाची भाकरी आणि जवसाची चटणी वाढली, चटणी आवडली म्हणून पुन्हा वाढली, आणि मी जेवलो. प्रल्हादने "कसं वाटून राह्यलं तुले?" असं विचारलं. "बघतोय," मी म्हणालो.

सकाळीही मी सांगितलं नाही. मनाशी हिशेब असा होता, की चढवण्याआधी सुतार तुळई ठोकून आवाज ऐकतोच. त्याला सापडेल. त्याला सापडलं तर मी कोणाचं वाईट केलं असं होणार नाही, आणि मी ते आधीच पाहिलं होतं हे अहवालात येईलच.

पान चढलं, मासा चढला. मग दोराने चंद्राची तुळई बांधली. पोचूभाऊ हातोडी घेऊन जवळ आला, तुळईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हातोडी न मारताच बाजूला झाला. एक टोक कप्पीवरून वर जायला लागलं. तोल सांभाळायचा दोर सुनंदाबाईंच्या आणि आणखी दोन बायांच्या हातात होता. मी पुढे झालो. "अहो, जरा..." एवढं माझ्या तोंडून निघालं असेल. कोणाला ऐकू गेलं नाही.

वर करकर आवाज झाला. भोकाशी तुळई फाटली, बांधलेलं टोक सुटलं आणि सगळा भार एकदम सुनंदाबाईंच्या दोरावर आला. दोघी बायांचे हात सुटले. सुनंदाबाईंनी दोर सोडला नाही, कारण तुळईखाली दोन माणसं होती. ती बाजूला पळाली, तोवर दोर त्यांच्या तळव्यांमधून सरसर गेला. तुळई चौथऱ्यावर आपटली. कोणी मेलं नाही. सुनंदाबाईंनी तळवे उघडले, तेव्हा दोन्हींवर कातडी नव्हती.

धावपळ झाली. कोणी पाणी आणलं, कोणी खोबरेल. त्या ओठ चावून बसल्या होत्या. प्रल्हाद त्यांचे हात धरून खाली बसला आणि पोचूभाऊला म्हणाला, "ठोकली नोहती का भाऊ?"

पोचूभाऊचा चेहरा राखडीसारखा झाला होता. "काल सायेबानं पेन्सिल घालून पाह्यली होती न तिच्यात," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता, हे आजही सांगतो. "मी नदीवरून येताना खालून पाह्यलं. सायेब काई बोलले नाई. मी म्हटलं, शिकलेला माणूस हाय, त्यानं पाह्यली मंजे चांगली असन. म्हणून नाई ठोकली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या अंगात त्याचाच पायजमा होता.

"तुले दिसलं होतं?" प्रल्हादने विचारलं.

"दिसलं होतं."

"काल?"

"काल."

तो सुनंदाबाईंकडे वळला. ओरडला असता तर मी काहीतरी बोलू शकलो असतो, माफी मागू शकलो असतो. त्याने सुनंदाबाईंच्या हातांवर धोतराच्या जुन्या कापडाची पट्टी बांधली, हळूहळू, दोन्ही हातांना. मग उठला, पोचूभाऊच्या हातातली हातोडी घेतली आणि माझ्या हातात दिली.

"रिपोर्टात लिवाचं ते लिव," तो म्हणाला. "पण आता सगळ्या तुळया ठोक. एकूण एक. पोचूभाऊ सांगन, आवाज कसा पायजे ते."

हातोडी

तो दिवस आणि त्यानंतरचा अर्धा दिवस मी लाकूड ठोकलं. चांगलं सागवान टणक्, कोरडं वाजतं. पोकळ असलं की आवाज आतल्या आत बसतो, ओल्या मडक्यासारखा. पहिल्या तासात मला फरक कळत नव्हता. पोचूभाऊ शेजारी उकिडवा बसून बिडी ओढत होता. मी ठोकलं की मान हलवायचा, हो किंवा नाही. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलत होता. त्याला वाटत होतं की चूक त्याची झाली. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. "तुमची नाही, पोचूभाऊ." तो म्हणाला, "आपली नजर सोडून दुसऱ्याच्या नजरेवर राह्यलो, तं चूक मंग कोणाची?" आणि पुढची तुळई दाखवली.

आणखी दोन ठिकाणी पोखरलेलं निघालं. एका खांबाचं बूड, एका तुळईचं टोक. दोन्ही मी शोधली, पोचूभाऊच्या आधी. त्यालाही आनंद झाला आणि मला तेवढ्यातही स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं, याची लाज वाटली. फाटलेल्या चंद्राच्या तुळईचं सडकं टोक कापून टाकलं. उरलेल्यातून दाराची चौकट निघाली. मधल्या खोलीसाठी दोन आखूड तुळया बोल्टांनी जोडून एक केली. मला वाटलं होतं, आता सगळं अडणार. अर्ध्या दिवसात मार्ग निघाला, कारण इमारत मुळातच तशी आखलेली होती. एक तुकडा गेला तर दुसरा बसेल अशी. माझ्या कुठल्याही इमारतीतली एक तुळई अशी काढता आली नसती. हे मला हातोडी मारता मारता दिसत होतं, आणि ज्या माणसाच्या बायकोचे हात माझ्यामुळे सोलले, त्याचा मला अजूनही हेवाच वाटत होता. पश्चात्तापाने हेवा धुऊन जातो असं म्हणतात. माझा गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

सुनंदाबाई दुसऱ्या दिवशी झाडाखाली मुलांना पाढे म्हणवून घेत होत्या. हातांना पट्ट्या, खडू धरता येत नव्हता, म्हणून एक मुलगी फळ्यावर लिहीत होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माफी मागायची वाक्यं रात्रभर जुळवली होती. 

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी बोलले नाई, नाई बोलले. आमचे ते अजून तुमच्यावर रागावून हायत, ते राहतीनच थोडे दिवस. पण एक करा. कागदात वसतिगृहावर राग काढू नोका. तिकळे पोरी तीन-तीन कोस चालून येतात. त्यायले राहाले जागा पायजे."

प्रल्हाद मला सोडायला आला नाही. मेटाडोर दुसऱ्या कोणीतरी चालवली. त्याचा पायजमा धुऊन, घडी घालून मी सुनंदाबाईंच्या घरी पलंगावर ठेवला आणि बंगाली गावातल्या शिंप्याकडून मागवलेली एक ढगळ विजार घालून निघालो. मागे वळून बघितलं तेव्हा टेकाडावर शाळेच्या छपराचा सांगाडा उभा होता आणि तिघे-चौघे वर बसून कवेलू मागत होते.

पुणे

अहवाल मी सात पानांचा लिहिला. पद्धतीबद्दल जे पाहिलं ते सगळं लिहिलं. लाकूड ठोकून घ्यायची शिस्त कडक हवी, पूर येऊन गेलेलं लाकूड वेगळं ठेवायला हवं, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं की यावर भरवसा ठेवावा. आठव्या पानावर चंद्राच्या तुळईची गोष्ट लिहिली, पेन्सिलीसकट.

सरांनी माझ्यासमोरच वाचला. आठवं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग ते वेगळं काढून माझ्याकडे परत केलं.

"हे प्रल्हादला माहीत आहे?"

"आहे."

"त्याच्या बायकोला?"

"आहे."

"मग विश्वस्तांना कशाला?" त्यांनी बाकीची सात पानं टाचणी लावून पाकिटात घातली. वसतिगृहाला मंजुरी मिळाली. ते मला नंतर इतर लोकांकडून कळलं.

मी पान हातात धरून बसलो होतो. उठायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं जे आत होतं ते तिथे, सरांच्या वेताच्या खुर्चीत बसून बाहेर आलं.

"सर, माझं काम बघायला तुम्ही कधीच कोणाला पाठवलं नाहीत."

सर चकित झाले. त्यांना खरंच हे कधी जाणवलं नसावं. "तुझं काय रे," ते म्हणाले, "तुझं सगळं व्यवस्थितच असणार."

"चौदा इमारती झाल्या सर. एकाही ठिकाणी पाणी गळत नाही."

"चांगलं आहे," सर म्हणाले. "फार चांगलं आहे, माधव."

आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं.